दिवेलागणीचा वाटा

"साडूभाऊ, तुमची बायको माझ्या घरी राहायला आलीय बघा," रणधीर म्हणाला.

मी माझ्या सीटकव्हरच्या दुकानात ट्रॅक्टरच्या सीटवर रेक्झिन ताणत होतो. हात तसाच थांबला. सायलीला जाऊन वर्ष उलटलं होतं. तिच्याबद्दल कुणी चेष्टेनं बोललं की मला काय करावं ते सुचत नाही. रणधीरला चेष्टेशिवाय बोलताच येत नाही. त्याचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. विट्यात लग्न असो की सभा, आवाज त्याचाच. घरातही तेवढाच.

"नीट बोला," मी म्हणालो.

"नीटच बोलतोय. दिवे लागायची वेळ झाली की जुई गप्प. भांडण नाही, रडणं नाही. मागच्या पायरीवर जाऊन बसते. काही विचारलं की असा हात वर करते. मग थोड्या वेळानं उठते, हसते आणि भाकरी थापायला लागते. ही माझी बायको नव्हे हो. माझी बायको झोपेतसुद्धा बोलते."

त्यानं हात करून दाखवला. तळवा पुढं, बोटं जराशी वाकलेली. तो हात मी आठ वर्षं पाहिला होता.

जुई म्हणजे रणधीरची बायको, माझ्या सायलीची धाकटी बहीण. तिच्या पोटात माझं आणि सायलीचं मूल होतं. पाचवा महिना लागला होता.

हे कसं घडलं ते आधी सांगतो.

सायली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आम्हाला मूल होत नव्हतं म्हणून सांगलीला डॉक्टर नाफडे मॅडमकडं उपचार घेतले. बीजं काढली, गर्भ तयार झाले, पण औषधांनी सायलीच्या पोटात पाणी झालं. मॅडम म्हणाल्या, गर्भ गोठवून ठेवू, शरीर शांत झालं की पोटात सोडू. घाई नाही. सहा महिन्यांनी, पावसाळ्यात सायलीला डेंगी झाला आणि चार दिवसांत ती गेली. गर्भ राहिले.

तोवर कायदा बदलला होता. बायको गेलेल्या माणसालाही जवळच्या नात्यातल्या बाईच्या मदतीनं ते मूल जन्माला घालता येत होतं. मी कुणाला विचारलं नाही. जुईच एक दिवस दुकानात आली आणि म्हणाली, "दाजी, ताईचं मूल तिथं थंडीत ठेवायचं नाही." रणधीरनं एकदाही नाही म्हटलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे.

मॅडमनी आम्हाला समोर बसवून समजावलं. बाईच्या शरीरात बीज जिथून सुटतं तिथं एक छोटी पिवळी गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. सुरुवातीचे महिने ती गर्भासाठी कितीतरी प्रकारचे रस सोडते, आणि बाईचं शरीर गर्भासाठी सैल होतं, रक्तवाहिन्या रुंद होतात. गोठवलेला गर्भ गोळ्या-इंजेक्शनांवर सोडला तर त्या महिन्यात बीज सुटलेलंच नसतं, म्हणून ती गाठही नसते. गोळ्यांतून एकदोन रस मिळतात, बाकीचे मिळत नाहीत. मूल होतं, चांगलं होतं, पण काही आयांचा रक्तदाब चढतो आणि काही बाळं प्रमाणाबाहेर मोठी जन्मतात. मोठं बाळ बघून घरचे खूश होतात, पण जन्मल्याबरोबर त्याची साखर घसरू शकते. जुईची पाळी अनियमित, त्यामुळं तिच्या शरीरात ती गाठ वेळेवर होईल याचा भरवसा नव्हता.

"म्हणून आम्ही हे लावतो," मॅडम म्हणाल्या. दंडावर चिकटवायची चकती होती, बिस्किटाएवढी. आत पीतपिंडाचे सगळे रस भरलेले. "पण नुसते रस देऊन भागत नाही. ते कधी वाढायचे, कधी उतरायचे, याची लय असते, आणि ती प्रत्येक बाईची वेगळी. जिचं बीज, तिच्याच लयीत रस मिळाले तर गर्भ जास्त चांगला रुजतो, हे आता कळलंय. सायलीनं गर्भ सोडण्याच्या तयारीत सहा महिने नोंदी घेणारी चकती लावली होती. तिची लय आमच्याकडं आहे. हिच्या शरीराला ती बहिणीची म्हणून मानवेलही."

"म्हणजे ट्रॅक तिचा, स्पीकर हिचा," रणधीर म्हणाला.

मॅडम हसल्या. "तसं समजा. जुईच्या झोपेत, भुकेत, मनाच्या चढउतारात थोडा फरक पडेल. सातवा महिना संपला की चकती काढायची. तोवर वार, म्हणजे बाळाला पोसणारी नाळेची गादी, ते काम पूर्ण आपल्याकडं घेते."

जुईनं त्या चकतीचं नाव ताई ठेवलं. "अहो, ताईला चार्जिंगला लावायचं राहिलं," असं ती घरात ओरडायची. ऐकणाऱ्याला कसंतरी व्हायचं.

माझं मूल जुईच्या पोटात होतं, त्याचा मला कधी त्रास झाला नाही. पण रणधीरनं तो हात करून दाखवला आणि मला त्या रात्री झोप लागली नाही.

सायली शाळेतून यायची, पाय धुवायची, चहा घ्यायची. दिवे लागायच्या वेळेला मागच्या पायरीवर बसायची आणि गप्प व्हायची. लग्न झालं तेव्हा मी घाबरलो होतो. काय झालं, कोण काही बोललं का, असं विचारत राहायचो. ती हात वर करायची. मला वाटायचं दिवसभर पोरांपुढं ओरडून घसा थकत असेल. पण सुट्टीतही तसंच. मग मी विचारणं सोडलं आणि शेजारी बसायला लागलो. समोरच्या पाण्याच्या टाकीवर पारवे येऊन बसायचे. आम्ही बघायचो. बाकी काही नाही. पण ते आमचं होतं. तिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं.

आणि आता ते रणधीरच्या मागच्या पायरीवर घडत होतं. ज्याला शांत बसता येत नाही त्याच्या घरात.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी तिकडं गेलो. जुई पायरीवर बसली होती. मी दोन पायऱ्या खाली बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. मानेचा बाक तोच, हात मांडीवर तसेच. मी डोळे मिटले. सव्वा वर्षात पहिल्यांदा मला श्वास पुरला.

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. हॅलो, वन, टू."

मी उठून पुढच्या अंगणात गेलो आणि वायरच ओढली.

"अहो, काय करताय?" रणधीर म्हणाला. "उद्या आळसंदला लग्न आहे."

"या वेळेला बंद ठेवा."

"साडूभाऊ, घर माझं आहे."

"वेळ माझी आहे," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघतच राहिला. नंतर हसला, पण नेहमीसारखा नाही.

मग मी रोज जायला लागलो. जुईला आपल्या घरी आणावं असंही डोक्यात आलं. सासूबाईंना, म्हणजे मामींना, विचारलं. त्या म्हणाल्या, "एकट्या पुरुषाच्या घरात लेक कशी ठेवू? लोक काय म्हणतील?" रणधीरच्या कानावर ते गेलं. "आणि मी कुठं जाऊ? मंडपात झोपू?" तो म्हणाला. "रोज येताय तेवढं पुरे. शेजारी विचारतात, साडूंची खानावळ इथंच लावलीय का?"

एका संध्याकाळी जुई पायरीवरून उठता उठता म्हणाली, "दाजी, ज्येष्ठमध मिळेल का हो?"

सायलीच्या गालात कायम ज्येष्ठमधाची काडी असायची. घशासाठी. तिचं बोलणं, तिचा वास, सगळ्याला त्याचा गोडवा होता. मला वाटलं, लयीबरोबर हेही आलं. दुसऱ्या दिवशी काष्ठौषधीच्या दुकानातून चांगल्या जाड काड्या निवडून आणल्या, मरून रेक्झिनच्या पट्टीत गुंडाळल्या आणि रणधीरचं लक्ष नसताना तिला दिल्या.

"त्याला सांगू नकोस," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं."

डोहाळे पुरवायचा मान कुणाचा, हे आमच्यात उघड कुणी बोललं नव्हतं. मूल माझं, म्हणून माझा. बायको त्याची, म्हणून त्याचा. त्यानं आंबोळ्या आणल्या की मी खरवस न्यायचो. मी सीताफळं नेली की तो दोन टोपल्या आणायचा. जुई सगळं थोडं थोडं खायची आणि उरलेलं तिच्या शाळकरी मुलीला द्यायची. पण ज्येष्ठमध फक्त माझा होता. तो मी संपू दिला नाही.

सहावा महिना संपत आला तेव्हा जुईचे पाय सुजले. डोकं दुखायला लागलं. सांगलीला गेलो. मॅडमनी रक्तदाब दोनदा मोजला, रक्त तपासलं आणि बराच वेळ कागद बघत बसल्या.

"रक्तदाब चढलाय आणि पोटॅशियम उतरलंय," त्या म्हणाल्या. "पोटॅशियमचं कारण मला कळत नाही, अजून तपासण्या पाठवते. पण जे टाळायला चकती लावली तेच होतंय. चकतीमुळंच होत असेल तर ती काढावी लागेल."

"काढली तर बाळाचं?" मी विचारलं.

"बाळाला अजून महिनाभर तरी ती हवी होती. वाढ बिघडू शकते, वेळेआधी बाहेर काढायची पाळी येऊ शकते. आणि चालू ठेवली, दोष तिचाच निघाला, तर जुईला झटके येऊ शकतात. जिवावर बेतू शकतं."

"काढा," रणधीर म्हणाला. "आत्ता काढा."

"थांबा," मी म्हणालो.

मॅडम आमच्याकडं बघत नव्हत्या. "जुई, शरीर तुमचं आहे. तुम्ही सांगा."

जुई दंडावर हात ठेवून बसली होती. "तपासण्या येऊ देत," ती म्हणाली. मॅडमनी घरी रोज दोनदा रक्तदाब मोजायला सांगितलं, जरा वाढला तर लगेच दाखल व्हायचं, नाहीतर सोमवारी निर्णय.

खाली गाडीजवळ रणधीरनं मला अडवलं. जुई आत औषधं घेत होती.

"तुम्हाला मूल नकोय," तो म्हणाला. "तुम्हाला बायको हवीय. माझ्या बायकोच्या अंगात."

मी त्याची कॉलर धरली. "आणि तुम्हाला तिचं थोडा वेळ गप्प बसणं सोसत नाही, म्हणून काढायचीय चकती!"

त्यानं माझा हात सोडवला नाही. आवाज मात्र खाली आला.

"सोसत नाही? साडूभाऊ, महिना झाला त्या वेळचं टेस्टिंग मी बंद केलंय. तुमच्या लक्षातही आलं नाही. मीही बसतो तिथं. तुम्ही आलात की मला उठावं लागतं. माझ्याच घरात. आणि तरी मी काढा म्हणतोय. मला जुई पाहिजे."

मी कॉलर सोडली. खरं सांगायचं तर मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग. त्याला ते आवडायला लागलं होतं. त्यापेक्षा त्यानं माईक टेस्टिंग चालू ठेवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मामींनी डोहाळजेवण ठरवलं होतं. रक्तदाब ऐकून त्यांनी झोपाळा रद्द केला, शेजारणी रद्द केल्या. "पण ओटी भरल्याशिवाय मी सोडणार नाही," त्या म्हणाल्या. जुई पलंगावर पडून असायची. मामींनी तिला उठवून खुर्चीवर बसवलं, नवी चादर घालायला गादी उचलली आणि थांबल्या.

गादीखाली दोन जुड्या होत्या. एक मरून रेक्झिनमधली. दुसरी काळ्या प्लास्टिकच्या पट्टीनं आवळलेली, स्पीकरच्या वायरी बांधतात तसली.

"हे काय?" मामी म्हणाल्या.

मी रणधीरकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"ज्येष्ठमध," जुई म्हणाली. "एक ह्यांची जुडी, एक दाजींची."

"दोघंही आणता?" मामींचा आवाज चढला. "अरे, लेक बाळंतपणाला ठेवलीय की वैद्याच्या गोदामात? किती खातेस गं रोजचं?"

"सकाळी ह्यांच्या काड्या, संध्याकाळी दाजींच्या. मधेही चघळते. दोघांनी सांगितलं होतं, त्याला सांगू नकोस."

मामींनी जुडी नाकाशी नेली. मग सरळ मॅडमना फोन लावला. आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून रणधीरनंच तो स्पीकरवर टाकला. मामींनी सगळं सांगितलं.

"मी औषधांबद्दल विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"ते औषध थोडंच आहे," रणधीर म्हणाला. "काडी आहे ती."

"रणधीर, ती काडी इतकी चघळली की पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. जे रिपोर्टात दिसलं तेच. आणि वारेत एक चाळणी असते, आईच्या शरीरातला ताणाचा रस बाळापर्यंत जाऊ नये म्हणून. ज्येष्ठमधानं ती चाळणीही ढिली पडते. आजपासून एकही काडी नको. आजच जुईला इथं दाखल करा. उतार पडला तर चकतीचा दोष नव्हता असं समजू."

मला एक विचारायचं होतं. सगळ्यांसमोर विचारायला नको होतं, पण विचारलं. "मॅडम, पण तिला ते चकतीमुळंच खावंसं वाटलं ना? सायलीची सवय होती ती."

"लयीत चव नसते हो," मॅडम म्हणाल्या. "गप्प बसणं कदाचित असेल. मला ठाम सांगता यायचं नाही. ज्येष्ठमध नाही."

फोन बंद झाला. जुई म्हणाली, "मला विचारा की."

मी तिच्याकडं पाहिलं.

"ताई कॉलेजात असताना मला अर्धी काडी मोडून द्यायची. मोठा तुकडा मला, छोटा तिला. मला तिची आठवण आली म्हणून मागितली मी. तुम्हाला मागितली, मग ह्यांना मागितली. दोघं इतक्या हौसेनं आणायला लागलात की नको म्हणवेना." ती खुर्चीच्या हातावर बोट फिरवत होती. "ताई तुमची बायको होती दाजी, कबूल. पण माझ्या आधी ती तुम्हाला कुठं माहीत होती? मला कुणी विचारलं नाही, जुई, तुला कसं वाटतं म्हणून. सगळे माझ्या दंडाकडंच बघतात."

मामींनी पदर डोळ्याला लावला. मग त्याच हातांनी त्यांनी जुईची ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. त्यानंतर आम्ही तिला गाडीत घालून सांगलीला नेलं. उतरताना रणधीरनं खिशातली काळी जुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात पुढं केला. मी माझी जुडी त्याच्या हातात दिली. तीही टाकली.

दहा-बारा दिवसांत रक्तदाब उतरला. पोटॅशियम जागेवर आलं. चकती राहिली. सातवा महिना संपला त्या दिवशी मॅडमनी ती काढली आणि जुईनं माझ्या हातात ठेवली. हलकी होती. दंडावर तिचा गोल वळ राहिला होता, आणि मॅडमनी सांगितलं की तो आठवडाभरात जाईल.

त्या आठवड्याच्या शेवटी मी दिवेलागणीला त्यांच्याकडं गेलो. जुई पायरीवर शेंगा निवडत होती आणि बोलत होती. शाळेतलं, शेजारणीचं, मुलीच्या गॅदरिंगचं. थांबतच नव्हती. मी अर्धा तास हो हो म्हणत बसलो. रणधीर दारात उभा होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. कधी नव्हे ते चेष्टा केली नाही. मी घरी आलो आणि मागच्या पायरीवर एकटाच बसलो, सायली गेली त्या आठवड्यात बसलो होतो तसा.

नवव्या महिन्यात मुलगी झाली. मॅडमनी तिला वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा मी काचेबाहेरून काट्याकडं नाही, मॅडमच्या चेहऱ्याकडं बघत होतो. "मोठी नाही, लहान नाही, जेवढी हवी तेवढी," त्या म्हणाल्या. टाचेतून रक्त घेऊन साखर बघितली. ठीक. दुसऱ्यांदा बघितली. ठीक. जुईचा रक्तदाबही जागेवर होता. जुईनं बाळाला कपाळाला लावलं, मग माझ्याकडं दिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. रणधीर तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. त्या वेळी मी त्याचा हेवा केला नाही. त्या एका वेळी.

मामी माझ्याकडं राहायला आल्या. मुलगी दुपारभर रडायची. ऊन उतरेपर्यंत नुसता धिंगाणा. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. दिवे लागायची वेळ झाली की ती थांबायची. झोपायची नाही. डोळे उघडे ठेवून, मूठ छातीशी धरून गप्प पडून राहायची. आईच्या पोटात बाळाचं घड्याळ तिच्या रसांवर लागतं असं मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. हे ते असेल किंवा नसेल. मी त्यांना विचारलं नाही. जुईला सांगितलं नाही. मामींना वाटायचं पोरगी दमली. मी तिला मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. टाकीवर पारवे यायचे. इतके महिने दुसऱ्याच्या दारात बसून घेतलेलं आता माझ्या घरात होतं, आणि ते कुणाला द्यायची माझी इच्छा नव्हती.

एका संध्याकाळी फाटक वाजलं. रणधीर होता. हातात डबा.

"जुईनं डिंकाचे लाडू पाठवलेत, मामींना," तो म्हणाला. "म्हटलं जाता जाता देऊन जावं. तसं मला तासगावला जायचंय, तिथं एक बारसं आहे, त्यांना मोठे स्पीकर..."

तासगावचा रस्ता आमच्या घरावरून जात नाही.

मी हात वर केला. तळवा पुढं, बोटं जराशी वाकलेली. मी तसं करणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

रणधीर वाक्याच्या मध्येच थांबला. त्यानं डबा खाली ठेवला, चपला काढल्या आणि मुलीकडं बघत उभा राहिला. मुलगी डोळे उघडे ठेवून गप्प होती. त्याला ते कळलं. त्याच्या तोंडावर दिसलं. त्यानंही इतके महिने ते ऐकलं होतं.

मला ते आवडलं नाही. ते माझं होतं.

तो पायरीपाशी आला, पण बसला नाही. मी थोडा सरकलो. फार नाही, त्याला जेमतेम बसता येईल एवढाच. तो बसला. टाकीवर एक पारवा उडाला आणि परत बसला.